दोन मतांचा करार

मतदानाच्या रांगेत एका नर्सबाईंच्या पुढे एक आजोबा उभे होते. मागून एका आजींचा आवाज आला.

"अहो, तुम्ही केस कापायला गेला होतात ना?"

आजोबा सावकाश वळले. "आणि तू दातांच्या डॉक्टरकडे."

"तुमचं मत परंपरावाल्यांना, माझं सुधारणावाल्यांना. दोन्ही एकमेकांना खोडणार, म्हणून दोघांनी घरीच बसायचं ठरलं होतं."

"तूच ठरवलंस आणि तूच आलीस. तुम्हा पुरोगाम्यांचं हे असंच. ठरवायचं एक, करायचं भलतंच."

"आणि तुमच्या परंपरेत दिल्या शब्दाला जागायची पद्धत नाही वाटतं."

मध्ये सापडलेल्या नर्सबाईंनी अंग चोरलं. "आजी, तुम्ही पुढे येता का?"

"नको गं बाई. तू मध्ये आहेस म्हणून बरं चाललंय."

"चल, अजूनही दोघं घरी जाऊ," आजोबा म्हणाले.

"आधी तुम्ही निघा."

"तू हो पुढे. मी आलोच."

रांग सोडून कोणीच हललं नाही. रांग तेवढी पुढे सरकली.

"पुढच्या निवडणुकीला मात्र शब्द पाळायचा," आजी म्हणाल्या.

"पाळू की. पण इथे येताना टॅक्सी एकच करू."