बांधावर अडकलेली एटीव्ही

...अहो, इंजिन बंद केलं ना, तिथंच फसलो मी! भरधाव गेलो असतो तर पाठीमागून चार शिव्या आल्या असत्या, पण वेळेत घरी पोचलो असतो, पोटभर जेवलो असतो. पण नाही! नियमानं वागलो हो, नियमानं!

तुम्हाला सांगतो, आमचं नारायणगावात कापडाचं दुकान. त्या दुकानातला मी जिनेश, हौसेनं एटीव्ही घेतली. ती हो, जाड टायरची, चार चाकांची फटफटी! घेतानाच ठरवलं, पिकात चाक घालायचं नाही, गुरांजवळ आवाज करायचा नाही, आणि कुणाच्या रानातनं जायचं तर थांबून, इंजिन बंद करून, विचारूनच जायचं.

पिंपळवंडीच्या पुढं असाच एक बांध लागला. डावीकडं मेथी, उजवीकडं कोथिंबीर. मेथीत रखमाजी उभे. थांबलो. इंजिन बंद. "जाऊ का इथनं?" "जावा की राव! इचारलंत, लई बरं वाटलं!" मीही खूश! निम्म्या बांधावर पोचतोय तोच कोथिंबिरीतनं दुसरा माणूस उठला. "ओ पावणं! कुणाला इचारून?" पुन्हा इंजिन बंद. म्हटलं, रखमाजींना विचारलं की! झालं!

"त्याला? बांध आमचा, आन् परवानगी त्यो देनार?"

हे चिमाजी. रखमाजींचे सख्खे धाकटे भाऊ. याच बांधावरनं बारा वर्षं दोघांचं बोलणं बंद! आता मला काय स्वप्न पडलं होतं? म्हटलं, बरं, तुम्हालाही विचारतो. तर मागनं रखमाजी ओरडले, "खबरदार! त्याला इचारलं म्हंजी बांध त्याचा व्हतो!" म्हटलं, आलो तसा मागं जातो. तर चिमाजी, "त्याच्या बाजूनं आला, त्याच्याच बाजूनं गेला, म्हंजी त्याची वहिवाट झाली की!" पुढं चिमाजींनी खाट टाकली, मागं रखमाजींनी खाट टाकली, मधे मी. वळवायला जागा नाही. पिकातनं काढली असती हो... पण नियमानं वागणारा माणूस ना मी!

आणि ऊन उतरायला लागलं. आम्ही जैन माणसं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी. सकाळपासनं पोटात एक कप चहा! आईचा फोन, "जिनेश, ताट वाढलंय, दिवस बघ कुठं आलाय!" काय सांगू तिला? बांधावर आहे म्हणून?

ते दोघांनी ऐकलं आणि मग काय, माणसं मनानं लई चांगली हो, तोच तर घात! दोन्ही घरांतनं ताटं आली. "कांदा-लसूण न्हाई घातला, बिनघोर जेवा!" गरम भाकरी, मुगाची आमटी... डोळ्यांत पाणी आलं माझ्या! हात पुढं केला, तर रखमाजी, "आदी थोरल्याचं!" चिमाजी, "बांध माजा, तर आदी माजं!" म्हटलं, एकत्र कालवून खातो. दोघं एकदम, "सामाईक? म्हंजी उद्या बांधबी सामाईक! न्हाई जमायचं!"

...आणि दिवस मावळला. ताटं समोर, आणि मी उपाशी!

दोघांची तोंडं पडली. बारा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. काय बोलले? "दादा, पावणा उपाशी जाऊ द्यायचा न्हाई." "बरूबर हाय. उसात बिबट्याबी हाय." एकमत झालं कशावर, तर मला सोडायचं नाही यावर!

सकाळी त्यांची आई साळुबाई राजुरीहून, लेकीकडनं आली. सगळं ऐकलं. "गप बसा दोघंबी!" म्हणाली आणि दोन्ही घरचं एकाच ताटात वाढलं मला. जेवलो. खाटा उचलल्या गेल्या. गाडीवर बसलो, चालू केली, आणि सवय हो, जित्याची... पुन्हा इंजिन बंद केलं, विचारलं, "जाऊ का?"

दोघं भाऊ एका सुरात म्हणाले, "जावा की! आन् पुढल्या टायमाला इचारत थांबू नका राव, लई खोटी व्हती मानसाची!"