गायीशी कोरियन

हसायचं असेल तर हसा, पण देवळालीत माझं कोरियन ऐकणारी एकटी आमची गाय होती, गौरी. मोबाईलवर शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, रोज घरात कोणाशी तरी मोठ्यानं बोला. मी तोंड उघडलं की आण्णा, म्हणजे माझे वडील, टीव्हीचा आवाज वाढवायचे.

"बीएस्सी झाली, आता ह्ये काय नवीन? कोन हाय हितं समजायला?"

म्हणून धार काढताना मी गौरीला दिवसभराचं सगळं कोरियनमध्ये सांगायचे. ती कान हलवायची. तेवढं मला पुरायचं.

मग कोरियनच्या परीक्षेला एकटीच पुण्याला गेले. संध्याकाळी आण्णांचा फोन. वाटलं, चला, पेपरचं विचारतायत.

"आण्णा, पेपर ना..."

"आगं, ती गौरी पान्हा सोडंना! लाथ मारली मला. तू काय बोलती तिच्याशी, ते बोल."

"फोनवर?"

"व्हय. आईनं फोन तिच्या कानाशी धरलाय. बोल लवकर, डेअरी बंद व्हईल."

असा संताप आला! पण बोलले. ऐकायचा भाग अवघड गेला, निबंध छान झाला, दिवसभर कोणी माझ्याशी बोललं नाही, सगळं कोरियनमध्ये सांगितलं. पलीकडून बादलीत धारांचा आवाज येऊ लागला.

"सोडला बघ! बास आता," म्हणत आण्णांनी फोन ठेवला.

निकाल लागेल तेव्हा लागेल. पेपर कसा गेला, हे आमच्या घरात अजून फक्त गायीलाच माहीत आहे.