कड्यावरचा तेरडा

वायनाडच्या सरकारी दवाखान्यात नारायणी आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या दोघी होत्या. थोरलीचा हात प्लास्टरमध्ये होता.

"ओमनाचेची," धाकटी ताईला हाक मारावी तशी म्हणाली, "कड्यावरच्या रानतेरड्याची बोंडं पिकलीत. आज फुटतील, बी उधळून जाईल."

"आणि हे मला आत्ता सांगतेस, शीबा?"

"आज तुमचं प्लास्टर काढायचंय, म्हणून म्हटलं..."

"बागेतली रोपं कुजली. बीजबँकेत एक दाणा नाही. आता उरलाय तो तेवढ्या कड्यावर, आणि तू प्लास्टरचं काय घेऊन बसलीस!"

"त्याच कड्यावरून पडलात ना?"

"पडले, मेले नाही. चल."

"एका हातानं काय करणार?"

"मी खाली पिशवी धरीन. बोंडं तू खुडायची."

"मी? अगं बाई! मला वरून खाली बघितलं की गरगरतं."

"मग खाली बघू नकोस."

"डॉक्टर ओरडतील."

"ओरडू देत. हा तेरडा गेला, तर कुठल्या डॉक्टरला दाखवशील?"

शीबानं छत्री उचलली. दोघी तरातरा निघून गेल्या.

थोड्या वेळानं नर्सनं दारातून हाक मारली, "ओमना! कुठे गेली ही?"

"कामावर गेल्या," नारायणी म्हणाली.

"मोडक्या हातानं कसलं काम?"

"आजच करायचं होतं."