रजेचा छापील अर्ज

मी ऑफिसात फार हुशार होते असं वाटत असेल, तर हे ऐका. अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास पांढुर्ण्यात आमच्या संत्र्याच्या शेठजींनी कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम घातला आणि हार घालून सगळ्या मशीनची पूजा केली. दुसऱ्या दिवशी बाळाला ताप. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज हातानं लिहिता आला असता, पण शिकलेल्या बाईला तो छापूनच हवा होता. छापायचा हुकूम दिला, काही निघेना. पुन्हा दिला, पुन्हा दिला. शेवटी कॉम्प्युटरच गप्प झाला. नोकरी गेली, या भीतीनं मीही.

दुपारच्या गाडीनं नागपूरचा मेकॅनिक आला.

"बाई, तुम्ही हात लावला होता काय?" शेठजींनी विचारलं.

"नाही जी."

मेकॅनिकनं प्रिंटरमध्ये अडकलेला झेंडू उपसून काढला. "काही बिघडलं नाही शेठजी. नव्या प्रोग्राममध्ये छपाईचं काम मागच्या मागं रांगेत लागते. ते सकाळपासून वाट पाहून राहिलं."

प्रिंटर करकरला आणि माझे अकरा अर्ज ओळीनं बाहेर आले.

शेठजींनी सगळे वाचले. "लेकरं किती तुम्हाला?"

"एकच."

"मंग जा त्याच्यापाशी. अकरा अर्जांचे साडेपाच दिवस होतात. तेवढे दिवस मशीनलेही बरं वाटन."