अर्धं डोकं काळं

हॅलो?... हॅलो? कोण?... ताई? अगं मोठ्याने बोल ना, नुसता पाण्याचा आवाज येतोय... बाथरूममधून बोलतेस? नळ सोडून?... भाऊजींना ऐकू जाऊ नये म्हणून? बरं, बरं. पण जरा नळापासून लांब हो, मला वाटलं तू नदीत उभी आहेस.

थांब, फोन खांद्यावर धरतो. हातात वस्तरा आहे... पेपरवाले काका बसलेत खुर्चीत. काका, मान सरळ ठेवा. ताईचा फोन आहे.

हं, बोल. पोचले का भाऊजी?... डोक्याला टॉवेल गुंडाळून? माझा टॉवेल आहे तो, धुऊन पाठव... हो, अर्धंच. डावीकडचं काळं, उजवीकडचं पांढरं. मला माहीत आहे ताई, मीच केलंय... मिशीसुद्धा. हो, तीही अर्धी... आता मिशी काय डोक्याला विचारून थांबणार होती?

अगं ऐक ना... हो, संध्याकाळी सत्कार आहे, ठाऊक आहे. निवृत्तीचा सत्कार, फोटोवाला, सगळं ऑफिस... ऐक तरी... मी मुद्दाम नाही केलं! म्हणजे, सुरुवात मुद्दाम नाही केली. शेवट केला मुद्दाम.

काय म्हणून सांगितलं त्यांनी तुला?... रंग संपला? असं म्हणाले?... ताई, रंगाची वाटी अजून इथे भरून पडलीय. सहा डोकी निघतील त्यात.

रंग नाही संपला. दुसरंच काहीतरी संपलं.

सांगतो. काका, आता गाल फुगवा. फुगवा... हं.

तुला आमची पद्धत माहीत आहे ना, रंग लावायची? बाबांपासूनची. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा, दोघांनी एकदम सुरू करायचं. म्हणजे रंग दोन्हीकडे सारखा चढतो. एकट्याने लावला की एक बाजू आधी वाळते आणि माणूस ठिपक्यांचा दिसतो. तर डावीकडे मी होतो. भाऊजी डोळे मिटून बसले होते, मजेत, भाषण पाठ करत होते. उजवीकडे माझा कारागीर, मास्टर, आला ब्रश घेऊन... हो, तोच. दूरदेशाहून आलेला, काळा. दोन वर्षं झाली की आता त्याला इथे.

एरवी भाऊजी येतात तेव्हा तो दुसऱ्या खुर्चीवर असतो. आज गर्दी होती, म्हटलं लवकर उरकू... पण हातातलं गिऱ्हाईक आटोपून तो येईपर्यंत माझी बाजू झालीसुद्धा. मास्टरने नुसता ब्रश बुडवला, आणि ह्यांनी डोळे उघडले. आरशात पाहिलं. आणि ओरडले, "ए! ह्याचे हात माझ्या डोक्याला लागता कामा नयेत!"

... नाही ताई, हळू नाही म्हणाले. बाकावर सात-आठ माणसं. बाहेर फुलवाली, तिने वळून पाहिलं... मग? मग मी म्हटलं, भाऊजी, तो माझ्यापेक्षा चांगला रंग लावतो, बसा निवांत. हसून म्हटलं. मी हसूनच बोलतो ना त्यांच्याशी, लग्न झाल्यापासून तुझं.

मग त्यांनी तो आवाज काढला.

... आवाज. माकडाचा... हो, माकडाचा! तोंडाने! निवृत्त होणारा साहेब, गळ्यापर्यंत पांढरं कापड, कानावर काळा रंग ओघळतोय, अर्धी मिशी चमकतेय, आणि हूप हूप करतोय. कोण माकड दिसत होतं ते समोर आरशातच होतं, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

... मस्करी? असं म्हणाले, मस्करी केली?... मस्करी होती तर मास्टर का नाही हसला?... समजली नाही? ताई, तो आवाज कुठल्या देशात समजत नाही?

... तो? त्याने ब्रश ठेवला आणि नळावर जाऊन हात धुतले. साबणाने... आणि त्याच्या हाताला अजून रंग लागलाच नव्हता, ताई. मी पाहत होतो ना. स्वच्छ हात धूत होता तो.

... हं... हो, आहे. आहे मी फोनवर.

... बाकीचे? बाकीचे थोर! सगळ्यांना एकदम वाचायची आवड लागली. एकाचा पेपर उलटा होता. दोघं मात्र हसले. एक वकीलसाहेब, ते निघून गेले. आणि दुसरे पेपरवाले काका... हो हो, हेच. हेच, खुर्चीतले... नाही, काही नाही म्हणत. तोंडभर साबण आहे. कान मात्र लाल झालेत.

काका, हलू नका म्हटलं ना.

... मग काय, मी कापड सोडलं. गळ्याची गाठ सोडली आणि म्हटलं, उठा भाऊजी. ते म्हणाले, अजून अर्धं राहिलंय. मी म्हटलं, दिसतंय मला. उठा... नाही, हात नाही लावला. पाया पडायच्या माणसाला मी हात कसा लावीन? नुसती खुर्ची फिरवली दाराकडे.

... ताई, ओरडू नकोस. ऐकतील ते...

हो, गिऱ्हाइकांचं सहन करतोच की मी! ज्याच्या डोक्यात कोंड्याचा हिमालय आहे त्याचं करतो. जो तासभर राजकारण शिकवतो, त्याचं करतो. तो एक येतो, प्रत्येक वेळी म्हणतो तुझे वडील बरे कापायचे, त्याचंही करतो. देवाने जशी डोकी पाठवली तशी घेतली, वरून कधी तक्रार नाही केली की जरा आतलं बघून पाठव म्हणून. मग ह्यांचं एकदा सहन केलं असतं तर काय झालं असतं, हेच ना तुझं?

हाच तर घोळ आहे ताई. मघापासून तेच डोक्यात फिरतंय. तुझ्या घरी जेवायला बसलो की भाऊजी असलं बोलतात. ह्या लोकांना वास येतो, हे लोक असे, ते लोक तसे. मी भाजी वाढून घेतो. तू पाणी आणायला आत जातेस... जातेस, ताई. दर वेळी पाणी संपतं तुझ्या घरी. आणि मला वाटायचं, मी सहन करतो. किती सोशीक मी! आज कळलं, मला कुठे काय सोसावं लागत होतं? बोलणं त्याला होतं. सोसायचं त्याने, आणि सोशीक मी!

... हॅलो?... हं. मला वाटलं नळ बंद झाला.

... बाबा? आता बाबांना मध्ये आणू नकोस. माझ्याकडे सकाळपासून त्यांचाच फोटो बघतोय भिंतीवरून... माहीत आहे! ह्या दुकानातून आजवर कुणी अर्धवट उठलं नाही, माहीत आहे मला. दिवे गेले तेव्हा मेणबत्ती धरून पुरी केली होती त्यांनी दाढी. खुर्चीत बसला तो देव समजायचा, असं म्हणायचे. मी तेच मानत आलो... हो, पण देवाने माकडाचा आवाज काढला तर काय करायचं, ते नाही सांगून गेले.

हसतेस?... नाही? मग ते काय होतं?... शिंक. बरं.

... घरी येऊ? मी? वाटी घेऊन मागच्या दाराने?... मी एकटाच, मास्टरला न सांगता?... ताई, तू मला लहानाचं मोठं केलंस. आई गेल्यावर माझे केस तू विंचरायचीस, रोज, मी लाथा झाडायचो तरी. तू म्हटलंस विहिरीत उडी मार तर मी आधी विचारीन किती खोल... पण हे नाही जमणार.

... नाही... नाही गं... मागच्या दाराने रंग लावला तर सकाळचं काहीच झालं नाही असं होईल. संध्याकाळी ते स्टेजवर काळेभोर, आणि मास्टर इथे हात धूत.

... काय? पुन्हा बोल... "त्याला काढून टाक"? हे तू बोलतेस की ते?... तू.

... बरं... आणि नाही काढलं तर?... उंबरा चढायचा नाही. तुझा.

थांब जरा. मला वस्तरा खाली ठेवू दे. काका, एक मिनिट... अहो, नाही, कापत नाही तुम्हाला, ठेवतोय.

ताई, तुला एक सांगतो. मास्टर आत्ता मागच्या दाराशी उभा आहे. कात्र्यांचा डबा भरून. मघाशीच भरला त्याने... मी नाही सांगितलं! तोच म्हणाला, तुमची एकच बहीण आहे, दुकानं पुष्कळ आहेत, मी दुसरीकडे बघतो. म्हणजे त्याला तुझी काळजी, ताई. त्याला. आणि तू म्हणतेस काढून टाक.

... हं... रडू नकोस. तू रडलीस की मला काही सुचत नाही, तुला माहीत आहे.

मास्टर! डबा ठेव तो खाली... ठेव म्हणतो ना! बहीण माझी आहे, भांडण माझं आहे, तू कशाला सामान बांधतोस?

... ऐकलंस? आता ठरलं. उंबरा तुझा आहे, बंद कर हवं तर. मी बाहेर पायरीवर बसेन. तू पाणी आणायला उठशीलच, तेव्हा दिसेन खिडकीतून.

आणि भाऊजींचं म्हणशील, तर सत्काराला तसंच जाऊ दे त्यांना. खरंच! एवढी वर्षं म्हणतात ना, काळे-गोरे एकत्र राहूच शकत नाहीत? त्यांच्याच डोक्यावर शेजारी शेजारी नांदतायत बघ सकाळपासून. मधे नुसता एक भांग... एकमेकांना त्रास आहे का काही?

... ही शिंक नाही. हसतेस तू. हसतेस, ताई!... अगं हळू, बाहेर ऐकतील... काय? कधी?... आरशासमोर भाषण म्हणत होते? एकदा डाव्या बाजूने, एकदा उजव्या? कुठली बाजू फोटोवाल्याला द्यायची म्हणून?... अरे देवा. नको सांगूस, माझ्या हातात... नाही, ठेवलाय वस्तरा.

... कोण ठोकतंय? दार?... उघडू नकोस... उघडलंस? बरं, मग दे त्यांना. दे, दे फोन.

नमस्कार, भाऊजी... हो, मीच... हो... हो... ऐकतोय... सगळं ऐकतोय, बोला तुम्ही... झालं?

नाही, घरी नाही येणार... नाही, रंगाची वाटीही नाही पाठवणार. इथे यायचं. पुढच्या दाराने, दिवसाउजेडी. टॉवेल दुकानाबाहेर काढून... बाक भरलेलाच आहे, हो. सकाळचेच लोक आहेत. तुम्ही गेल्यापासून एक वकीलसाहेब सोडले तर कुणी हललं नाहीये, पेपर अजून वाचतायत... आधी मास्टरशी बोलायचं. माझ्याशी नाही, बाबांच्या फोटोशी नाही, त्याच्याशी. मग मी बसवतो तुम्हाला आणि अर्धं पुरं करतो. उरलेली बाजूही मीच करीन... नाही, मास्टर नाही लावणार. तुम्ही हो म्हटलंत तरी नाही. तो इथूनच म्हणतोय, त्यालाही तुमच्या डोक्याला हात लावायचा नाहीये.

... हो, असं म्हणू शकतो तो. का नाही?... आणि माफी मागितली म्हणजे त्याने घेतलीच पाहिजे असं नाही. ते त्याचं तो बघेल.

... काय? ताई काय म्हणतेय मागून?... "ह्यांना मी घेऊन येते"? ताई म्हणाली असं?... भाऊजी, मग आता आमचं दोघांचंही काही चालत नाही.

... दुकान? दुकान कधीपर्यंत उघडं?... तुम्ही माफी मागेपर्यंत.

हॅलो?... भाऊजी?... हॅलो?... आपटला.

मास्टर, पाटी फिरवू नकोस रे. उघडंच राहू दे.

चला काका, हा गाल राहिला. मान वर... आणि आता हसू नका. आता हसलात तर कापेल.