नाही म्हणायचा खेळ

अल्लाचं नाव घेऊन सुरुवात करते.

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या शाळेचे मुख्याध्यापक शाबदान साहेब. बर्फातून खिंड ओलांडून आलेले नारीनचे पाहुणे. पहिल्या रांगेतली पांढऱ्या दाढीची वडीलधारी मंडळी. शिक्षकवर्ग, पालक, मागं कुजबुजणारी मुलं. आणि जिच्या खांद्यावर आत्ताच आपण मानाचा झगा, हा मखमली चपान, घातला ती, अख्ख्या आत-बाशी गावाला जर्मन बोलायला लावणारी आपली आसिलकान बाई. सगळ्यांना माझा सलाम.

मी सायराकान. पालकांच्या वतीनं मी बोलावं असं ठरलं. का ठरलं, कोण जाणे. मी दहावी झालेली बाई. घर, गाय आणि घरखर्चाचा हिशेब, एवढंच माझं जग. पहाटेच्या नमाजानंतर जी कढईपुढं बसले ती इथं येईपर्यंत तुमचे बोरसोक तळत होते, तेव्हा हे टेबल धरून बोलले तर राग मानू नका. पाय थकलेत. खरं सांगायचं तर हल्ली सगळंच थकलंय.

माझी सून जिपार इथल्या दवाखान्यात नर्स होती, हे तुम्ही जाणता. तिला जर्मनीत नोकरी मिळणार होती. मुलगा कुबात गवंडीकाम करता करता परांचीवरून पडला, पाठीनं अधू झाला, तेव्हापासून घर तिच्यावरच होतं. भाषेची परीक्षा तेवढी आडवी आली. लेखी उत्तम. तोंडीत नापास!

का नापास? समोर केस पिकलेल्या परीक्षक बाई बसलेल्या. दोघींनी मिळून एक सहल ठरवायची, वाद घालायचा, आपलं मत मांडायचं, अशी ती परीक्षा. त्या म्हणाल्या, रविवारी जाऊ. ही म्हणाली, बरं. त्या म्हणाल्या, नको, शनिवारी. ही म्हणाली, बरं. शेवटी त्यांनी विचारलं, "अहो, तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?" तर ही जमिनीकडं बघत गप्प. आपल्या घरातली सून आणखी काय करणार? मला तर ऐकून अभिमानच वाटला होता.

मग आसिलकान घरी आली. समारंभ आहे म्हणून बाई म्हणायचं, एरवी आम्ही एकाच गल्लीत म्हाताऱ्या झालेल्या. म्हणाली, "सायराकान, भाषा येते हिला. वर्गात बरोबरीच्या पोरींशी भांडतेसुद्धा. म्हाताऱ्या बाईपुढं जीभ टाळ्याला चिकटते. वर्गात म्हातारी कुठून आणू? तू बस."

आणि तिनं थैली उघडली. मेंढीच्या घोट्याची हाडं! ज्यावर बाजारामागं पुरुष पैसे लावतात तीच.

मी म्हटलं, "ही जुगाराची हाडं माझ्या नमाजाच्या खोलीत? आधी उचल!"

"पैसे लावले तर जुगार. इथं हाड उभं पडलं की तू हुकूम सोडायचा, आणि हिनं जर्मनमध्ये नाही म्हणायचं, कारणासकट. नुसतं नाही चालणार नाही. तुझा एक पैसाही लागायचा नाही. म्हणजे तुझा चिकटपणाही सांभाळला जाईल."

हसा, हसा. मीही हसले होते.

माझी नात बेगायम तेव्हा इवलीशी. हाडं फेकायचं काम तिच्याकडं. पहिलंच हाड उभं पडलं. मी म्हटलं, "जिपार, चहा कर." तर ही उठली आणि चहा करायला गेली की हो! आसिलकाननं कपाळावर हात मारला, "अगं बये, बस खाली! नाही म्हणायचंय!" मला घरात सगळी आपा म्हणतात. जिपार दारातून म्हणते, "पण बाई, आपांना खरंच चहा हवा असेल तर?"

तो पूर्ण हिवाळा आम्ही तो खेळ खेळलो. गाय दोह. नाही, कारण हात फुटलेत. गालिचा झटक. नाही, कारण बाहेर बर्फ आहे. आधी ती जमिनीकडं बघून बोले. मग माझ्या हनुवटीकडं. मला त्यातलं अक्षर कळत नसे, आसिलकान मान हलवे, त्यावरून मी समजायची की बरं चाललंय.

एका दुपारी माझे हुकूम संपले. सुचेना. मग मनात होतं तेच बोलले. "तू खुशाल जा. बेगायम माझ्याजवळ राहील, कायमची. थोरलं नातवंड आजीचंच." यात विचारण्यासारखं काय होतं? मला माझ्या आजीनंच वाढवलं. इथल्या निम्म्या लोकांचं तसंच असेल.

जिपारनं मान वर केली. सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि बोलत सुटली. अडखळली नाही, थांबली नाही, डोळे भरून आले तरी बोलतच राहिली. मी टाळ्या वाजवल्या! म्हटलं, "शाब्बास, आता होणार पास! आसिलकान, काय म्हणाली गं?"

आसिलकान हाडं गोळा करत होती. म्हणाली, "व्याकरण अचूक होतं."

जिपार पास झाली, गेली. पुढं कुबातही गेला. बेगायम माझ्या कुशीत राहिली. मी सकाळी तिच्या वेण्या घालायची, रात्री दुवा पढवायची. माझं म्हातारपण भरल्यासारखं झालं होतं.

गेल्या शरदात जिपारचा फोन आला. "आपा, बर्फ वितळलं की बेगायमला न्यायला येतोय आम्ही."

मी म्हटलं, "थोरलं नातवंड..."

"नाही, आपा." आमच्या भाषेत. हळू, पण नाही. "ती माझी आहे आणि ती माझ्याजवळ हवी. मी हे जायच्या आधीच सांगितलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

फोन ठेवला आणि तशीच, चपला उलट्यासुलट्या घालून, आसिलकानच्या दारात गेले. "तुला कळलं होतं. का बोलली नाहीस?"

ती म्हणाली, "तिनं ते तुला सांगितलं होतं. मला नाही. आणि मी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी खेळायला बसली असतीस?"

नसते बसले. हे मी आज सगळ्यांसमोर सांगते.

मग आता विचाराल, अशा बाईचे आभार मी कशाबद्दल मानू? मलाही तोच प्रश्न पडला. महिनाभर मी तिच्या दाराकडं बघितलं नाही. पण बेगायम हिच्या जर्मनच्या वर्गात मोठ्या माणसांसमोर तोंड उघडत नाही. माझ्याच हाताखाली वाढली, दुसरं काय होणार? तिकडच्या शाळेत पोर मुकी होऊन बसेल. म्हणून मीच थैली मागायला गेले. आसिलकाननं लगेच काढून दिली. तिला बिश्केकला मुलाकडं जायचंय, तिचं सामान बांधून झालंय. आता हा खेळ मीच घेते. गुडघे मोडतात, तरी जमिनीवर बसते. ऐकून ऐकून थोडे शब्द मलाही कळायला लागलेत.

काल हाड उभं पडलं. मी म्हटलं, "बेगायम, जाऊ नकोस."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग त्या परक्या भाषेत म्हणाली, नाही, आपा, कारण आई वाट बघते.

मी टाळ्या वाजवल्या. या वेळी मला कळलं होतं.

आसिलकान, अल्ला तुला सुखरूप ठेवो. तिकडं गेलीस तरी कुणाला गप्प बसू देऊ नकोस. अध्यक्ष महाराज, आपण मला बोलू दिलंत, सभागृहानं शांतपणे ऐकलं, मी ऋणी आहे. बोरसोक गार व्हायच्या आत खाऊन घ्या. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर म्हातारीला माफ करा. आणि पटलं नसेल तर तोंडावर नाही म्हणा, कारणासकट. मला आता सवय झाली आहे.