चार बोल्टांचं काम

...नाही, पण मी म्हणते, गाडी बिघडली की माणूस गॅरेजला देतो की नाही? देतो ना? तुम्ही दिली असती, मी दिली असती, आमच्या सोसायटीचा वॉचमन, ज्याच्याकडे धड सायकल नाही, त्यानेसुद्धा दिली असती! पण आमचे हे? छे! आमचे हे पार्किंगमध्ये चटई टाकून गाडीखाली आडवे झाले आणि तिथून नुसता आवाज आला, "अगं, चार बोल्टांचं तर काम आहे!"

तुम्हाला सांगते, ते चार बोल्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता गाडी कुठली, तर वीस वर्षांची. मूळचा रंग कोणता, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. त्या गाडीवर मी चार महिने शिकत होते. हो, मीच, या वयात! हसू नका. मी शिक्षिका आहे, चिपळूणची, सिल्वासात येऊन एकोणीस वर्षं झाली, आणि गेल्या जूनमध्ये माझी बदली झाली खानवेलच्या पुढे, पार आतल्या पाड्यावर. बस तिथे मनात आलं तर जाते. शेअर जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली तरी ड्रायव्हर म्हणतो, "बाई, अजून दोन बसतील." शाळेच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे. मी पोचेपर्यंत तीस-बत्तीस पोरं ओट्यावर ओळीने बसलेली, दप्तरं मांडीवर, कुणी एका शब्दाने तक्रार करत नाही. आणि तक्रार करत नाहीत ना, त्याचंच जास्त लागतं हो. मग मी ठरवलं, लायसन्स काढायचं. सोमवारी सकाळी माझी टेस्ट होती. मैदानात आठचा आकडा आखलेला असतो, त्यावरून गाडी फिरवून दाखवायची, पट्ट्याला चाक लागलं की घरी.

आणि आमच्या गाडीचं दुखणं नेमकं तिथेच! सरळ जाताना अगदी गुणी. पण स्टेअरिंग पुरतं वळवलं की पुढच्या डाव्या चाकातून कट... कट... कट... कट. कुणीतरी आत बसून सुपारी कातरतंय असं वाटावं. मी म्हटलं, परीक्षेत हा आवाज ऐकून तो इन्स्पेक्टर मला आधी खाली उतरवेल.

म्हणून शुक्रवारी आम्ही झिपरूकडे गेलो. झिपरू म्हणजे टोकरखाड्याच्या नाक्यावरचा मेकॅनिक, मूळचा साक्रीचा. त्याने वाकून बघितलं, बोट फिरवलं, बोट काळं. "बाई, एक्सलचा जॉइंट गया. हे पाहा, वरचं रबरी बूट फाटेल आहे, सगळं ग्रीस बाहेर. ठेवून जा, सोमवारी सांजच्याला देतो."

सोमवारी संध्याकाळी! आणि माझी टेस्ट सोमवारी सकाळी! मी तोंड उघडायच्या आत आमच्या ह्यांनी छाती पुढे काढली. "अरे, एवढ्याला तीन दिवस? चार बोल्टांचं काम, मी घरी करतो."

झिपरू काय म्हणाला माहितीये? "साहेब, चार तर नुसते चाकाचेच झाले."

पण ऐकतील तर ते आमचे हे कसले! हे मसाटला एका प्लास्टिकच्या कंपनीत क्वालिटीला आहेत. क्वालिटीला म्हणजे काय, तर दुसऱ्याने केलेल्या वस्तूला नावं ठेवायची आणि त्याचा पगार घ्यायचा. आणि ती कंपनी ह्यांनी घरातसुद्धा आणून ठेवलीय! आमच्याकडे तीन क्रेट आहेत. हिरवा म्हणजे चांगला माल, पिवळा म्हणजे अजून तपासायचाय, लाल म्हणजे भंगार. बटाट्याला मोड आले की बटाटा पिवळ्यात जातो, मग रविवारी त्याचा निकाल लागतो. भांडी-फरशीला सरुबाई येतात, त्यांनाही ह्यांनी उभं करून शिकवलंय, "सरुबाई, लाल क्रेट दर शनिवारी भंगारवाल्याला. विचारत बसायचं नाही." सरुबाई बिचाऱ्या मान डोलावतात. माणूस पगारासाठी काय काय ऐकून घेतो!

तर शनिवारी सकाळी सातला कामाला सुरुवात. मोबाइल बादलीला टेकवून ठेवलेला, त्यात कुणीतरी हसत हसत एक्सल काढतोय. आमच्याकडे कुणी हसत नव्हतं. चाक निघालं. मग मधला तो मोठा नट. त्यावर पाना, पान्यावर पाइप, आणि पाइपवर आमचे हे स्वतः उभे! पंच्याऐंशी किलोचा माणूस पार्किंगमध्ये झोके घेतोय, आणि मी आत बसून ब्रेक दाबून धरलाय, कारण ब्रेक सोडला तर नट फिरण्याऐवजी चाकाची बैठकच फिरते. समोरच्या बेन गॅलरीतून विचारतात, "अलकाबेन, शु थयुं?" काय सांगू? म्हटलं, "व्यायाम!"

पाऊण तास झोके. नट ढिम्म. मग कळलं की त्या नटाची कड आत ठोकलेली असते, ती आधी सरळ करावी लागते. व्हिडिओत ते दाखवलं होतं हो! पण ह्यांनी तो भाग पुढे ढकलला होता, "हे सगळं माहितीये" म्हणून. कड सरळ केली आणि दुसऱ्याच झोक्याला नट सुटला. नट सुटला, पाइप सुटला, आणि हे असे धाडदिशी बसले जमिनीवर! बसल्या बसल्या मला म्हणतात, "बघ. निघाला की नाही?"

मग एक्सल ओढला. आता मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण मलासुद्धा एवढं कळतं की ज्याच्या आत तेल आहे ते उघडण्याआधी तेल काढून घ्यावं. ह्यांनी ओढला, आणि गिअरबॉक्समधून तेल भळाभळा! "परात! अलका, परात आण!" मीही अशी वेडी, धावत गेले आणि कणकेचीच परात घेऊन आले. तीन वेळा राखेने घासलीय. अजून कणीक मळायला घेतली की पोळीआधी गिअरबॉक्सचा वास येतो.

पण एक्सल निघाला हो. ते मी नाकारणार नाही. जुना जॉइंट हातोड्याने ठोकून सुटा केला आणि हे माझ्याकडे असे बघायला लागले, की आता ओवाळायला ताट आण! मग नव्या जॉइंटचा खोका उघडला. आता सांगा, दुकानातून नवाकोरा जॉइंट आणला, तर माणूस काय करेल? बसवेल! आमच्या ह्यांनी व्हर्नियर काढला. व्हर्नियर म्हणजे तो कंपनीतला मापाचा चिमटा, केसाची जाडी मोजणारा. दहा ठिकाणी मोजलं. म्हटलं, अहो, कशाशी ताडून बघताय? मूळ माप आहे का तुमच्याकडे? तर म्हणे, "सवय असावी लागते." आणि मग त्यावर सापडला एक ओरखडा. माझ्या चष्म्यातूनही दिसेना, एवढा. झालं! पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'होल्ड'. जेवून आल्यावर निर्णय घेऊ म्हणाले. पण पिवळ्या क्रेटमध्ये नट, वॉशर, पाने सगळं भरलेलं, हिरव्यात कांदे. मग नवा जॉइंट तात्पुरता... तात्पुरता हं... लाल क्रेटमध्ये, जुन्याच्या शेजारी.

जेवण झालं. मसालेभात होता. हे आडवे झाले ते चारला उठले. खाली गेले. आणि खालून जी हाक आली ना, "अलकाऽऽ! जॉइंट कुठाय?"

लाल क्रेट रिकामा!

सरुबाईंना फोन लावला. पलीकडून अगदी शांत आवाज, "दादा, आज शनवार नाय का? लाल किरेट दिला त्या भंगारवाल्याला. तुमीच तं सांगलं व्हतं, इचारत बसू नको."

माणूस स्वतःच्याच नियमाला काय बोलणार? "बरोबर आहे सरुबाई" म्हणाले आणि फोन ठेवला. मला आधी हसू आलं. मग ती गाडी बघितली, एका चाकाने लंगडी, विटांवर टेकवलेली, खाली तेलाचं तळं, आणि एकदम तो शाळेचा ओटा डोळ्यांसमोर आला आणि तिथेच पार्किंगमध्ये रडू फुटलं हो मला. हे गडबडले. रुमाल द्यायला गेले, तो ग्रीसचा. म्हणाले, "रडू नकोस. सोमवारी गाडी उभी करतो. चार बोल्ट..." म्हटलं, पुढचं बोलू नका!

रविवारी सकाळी हे समोरच्या बेनची स्कूटर घेऊन गलोंड्याला. भंगारवाल्याचा माल तिथल्या एका गोडाऊनमध्ये जातो. दोन तास ढिगाऱ्यात शोधलं तेव्हा जॉइंट मिळाला, पिवळ्या चिठ्ठीसकट. पण गोडाऊनवाला देईना! म्हणे, "साहब, माल अंदर आ गया, अब बाहर जाएगा तो गेट पास लगेगा." आयुष्यभर दुसऱ्यांचे गेट पास अडवणारा माझा नवरा, त्याने तिथे उकिडवं बसून स्वतःसाठी गेट पास लिहिला, वस्तूचं नाव, नग एक, कारण... कारणापुढे काय लिहिलं ते मला आजवर सांगितलेलं नाही.

मग मात्र मुकाट्याने काम. मोजमाप नाही, चिठ्ठी नाही. ग्रीस भरलं, बूट चढवलं, एक्सल आत ढकलला, आतली कडी टक्कन बसली, नट आवळला, त्याची कड ठोकली. हे किल्ली फिरवणार तेवढ्यात झिपरू मोटारसायकलवरून जाताना थांबला. नुसतं विचारलं, "साहेब, गिअरतेल भरलं का?"

परातीतलं तेल तर मी कालच फेकलं होतं! झिपरूनेच मग नवीन आणून दिलं, नळीने भरूनही दिलं, आणि एक अक्षर जास्त बोलला नाही. त्याचं ते न बोलणं ह्यांना फार झोंबलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये चक्कर मारली. स्टेअरिंग पुरतं डावीकडे, पुरतं उजवीकडे. हे म्हणाले, "अलका, ऐक." म्हटलं, काय? "काहीच नाही!" आणि खरंच, काही नव्हतं! इतका आनंद ह्यांच्या चेहऱ्यावर मी आमच्या लग्नातही बघितला नव्हता. मलाही भरून आलं. माझ्यासाठीच केलं ना हो सगळं? माणूस वाईट नाही.

सोमवार. मैदान. गाडी लोण्यासारखी. आठात शिरले, डावीकडे वळले... आणि चाक थेट पट्ट्यावर! "मेडम, लाइन पर चढ गई. सात दिन बाद आना."

आता सांगते, कुणाला बोलू नका. चार महिने मी त्या गाडीवर शिकले ना, ती काही पट्टे बघून शिकले नव्हते. मी कानाने शिकले होते! स्टेअरिंग पुरतं वळवायचं, पाच कट मोजायचे आणि सरळ करायचं. पुन्हा पाच कट, पुन्हा सरळ. असा माझा आठ व्हायचा. माझं मला माहीत नव्हतं, त्या दिवशी कळलं. मी वळवून वाट बघत बसले, कट येईना, येईना, आणि गाडी गेली पट्ट्यावर.

हे ऐकून ह्यांचा चेहरा! "म्हणजे मी दुरुस्त केली म्हणून तू नापास?" म्हटलं, हो. माणूस उठला, चपला घातल्या, म्हणाला, "चल मैदानावर." पुढचे सात दिवस कंपनीतून आले की शेजारच्या सीटवर बसायचे, खिडकीबाहेर चाकाकडे बघत, आणि तोंडाने, अगदी मापात, कट... कट... कट... कट... कट... "आता सोड!"

पुढच्या सोमवारी हे फाटकाबाहेर, मी एकटी आत. काय करणार? मीच जिभेने सुरू केलं. इन्स्पेक्टरने काचेतून डोकावून विचारलं, "मेडम, कुछ बोला?" म्हटलं, नाही हो, देवाचं नाव. पास!

आता रोज वेळेवर कुलूप उघडते. पोरं ओट्यावर बसून राहत नाहीत. सगळं छान आहे. फक्त ती जिभेची सवय काही जाईना. परवा बाजारात कोपऱ्यावर वळले, पायी हो, गाडी घरी होती, आणि तोंडातून आलंच, कट, कट, कट. भाजीवालीने वर बघितलं, तिचा चेहरा कळवळला, म्हणाली, "बाई, गुडघे वाजायला लागले का एवढे?"

म्हटलं, हो गं बाई. वय झालं.